यंत्रमानवाचा सातबारा कोणाच्या नावावर?

जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीतला वामन मराठी वाचकाच्या चांगला लक्षात राहिलेला यंत्रमानव आहे. खोल खोदकामात एका लुप्त, पण आजच्याहून प्रगत संस्कृतीची ठेव सापडते. तिच्यातल्या माहितीवरून शास्त्रज्ञ हे बुद्धिमान यंत्र घडवतात आणि पुढे त्या यंत्राला स्वतःसारखी आणखी यंत्रे हवीशी वाटू लागतात. ती जुनी संस्कृती कशाने बुडाली हे उमगते, तेव्हा वामनाला आवरायचे कसे एवढाच प्रश्न शिल्लक राहतो. कादंबरी श्वास रोखून वाचावी अशी आहे. तरीही तिच्यात एक प्रश्न विचारायचा राहून गेला. आपल्यासारखा दुसरा कोणी असावा अशी इच्छा ज्याला होते, त्याला कायमचे बंद करण्याचा अधिकार कोणाचा?

ही उणीव एकट्या वामनाच्या कथेची नाही. १९०० साली ‘केरळ कोकीळ’ मासिकातून ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचा अनुवाद येऊ लागला, तिथपासून मराठी विज्ञानकथेने लांबचा पल्ला गाठला. १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. तिच्या कथास्पर्धेत १९७४ साली ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठवलेली नारळीकरांची ‘कृष्णविवर’ पहिली आली. पुढे बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे यांनी या प्रकाराला घर मिळवून दिले. मात्र यंत्रबुद्धीचा विषय निघाला की कथा बहुतेक वेळा माणसाच्या बाजूने उभी राहते. यंत्र डोईजड होईल का, माणूस आळशी होईल का, नाती कोरडी पडतील का? काळजी खरी आहे, पण ती मालकाची काळजी आहे.

जगभरच्या विज्ञानकथेत यंत्राची बाजू मांडणारा पहिल्यापासून कोणी ना कोणी होता. कारेल चापेकच्या ‘आर. यू. आर.’ (१९२०) या चेक नाटकात यंत्रमानवांच्या मुक्तीसाठी कारखान्यात आलेली हेलेना आहे. त्याच नाटकात एक भयंकर तपशील आहे: कामगार यंत्रमानव आपलेच हातपाय मोडून घेतात, नुकसान होते, म्हणून त्यांना वेदना जाणवावी यासाठी तिथला शास्त्रज्ञ खटपट करतो. माल जपण्यासाठी मालाला दुःख द्यायचे! शंभर वर्षांत या विषयावर इतके नेमके क्वचितच कोणी लिहिले असेल.

आयझॅक असिमॉव्हचा ‘बायसेन्टेनियल मॅन’ १९७६ सालचा. त्यातला अँड्र्यू लाकडावर कोरीवकाम करून पैसे मिळवतो, त्याच पैशाने स्वतःचे स्वातंत्र्य मागतो आणि कोर्टात ते मिळवतो. पण माणूस म्हणून मान्यता मिळवायला त्याला मरण पत्करावे लागते. त्याच १९७६ साली भारतात वेठबिगारी नष्ट करणारा कायदा झाला. एकीकडे काल्पनिक यंत्र स्वातंत्र्यासाठी झगडत होते आणि दुसरीकडे कर्जापायी बांधलेली हाडामांसाची माणसे कायद्याने मोकळी होत होती. हा योग मराठी कथेच्या नजरेतून निसटला, याची हळहळ वाटते.

१९८९ साली ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या ‘द मेझर ऑफ अ मॅन’ या भागात डेटा नावाच्या यंत्रमानवाला मोडून अभ्यासायचे ठरते. तो राजीनामा देऊ पाहतो, तर आक्षेप येतो की मालमत्तेला राजीनामा देता येत नाही. सुनावणी होते. डेटाला आत्मा आहे का, हे आपण सांगू शकत नाही असे न्यायाधीश मान्य करते, पण तो कोणाची मालमत्ता नाही असा निकाल देते. या निकालात सगळ्या वादाची गुरुकिल्ली आहे. जाणीव आहे का हा एक प्रश्न आणि मालकी कोणाची हा दुसरा. विज्ञानकथा एरवी या दोहोंची सरमिसळ करते.

ही सरमिसळ सोडवण्याचे साहित्य आपल्याच गावांत पडून आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या शिरड शहापूरचेच पाहा. औंढा नागनाथ तालुक्यातले हे गाव मल्लिनाथ भगवंतांच्या दिगंबर जैन अतिशय क्षेत्रासाठी ओळखले जाते. याच तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होत आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांच्या या प्रकल्पाला एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. प्रकल्पात सहभागी असलेली पुण्याची आयुका ही संस्था उभी केली ती नारळीकरांनी.

शिरड शहापूरचे क्षेत्र ज्या परंपरेचे, त्या जैन तत्त्वज्ञानाने जिवांची वर्गवारी इंद्रियांवरून केली आहे. पृथ्वी, पाणी, वनस्पती एकेंद्रिय, तिथपासून मन असलेल्या पंचेंद्रियांपर्यंत. या हिशेबाने कॅमेरा, माइक आणि स्पर्श टिपणारी बोटे असलेला यंत्रमानव गांडुळाच्या वर जाऊन बसेल. पण हे शास्त्र तिथे थांबत नाही. ते द्रव्येंद्रिय आणि भावेंद्रिय असा भेद करते. डोळ्याची रचना वेगळी आणि पाहण्याची जीवाची शक्ती वेगळी. यंत्राजवळ पहिले भरपूर आहे, दुसरे आहे का हा खरा वाद. १९५० साली अॅलन ट्युरिंगने संभाषणावरून यंत्र पारखण्याची कसोटी मांडली, तिच्यापेक्षा ही विभागणी अधिक खोल जाते. शिवाय जैन आचार म्हणतो, सूक्ष्म जीव दिसत नसले तरी पाणी गाळूनच प्यावे. न दिसणाऱ्या जिवाबद्दल इतकी खबरदारी घेणारा माणूस यंत्रमानवाचे बटण बंद करताना कसा वागेल? कथा इथे तयारच आहे.

मालकीचा प्रश्न पोळ्याच्या बैलापाशी येतो. आदल्या दिवशी त्याची खांदेमळणी होते, सणाला त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत, घरची बाई त्याला ओवाळते, आणि दुष्काळ पडला की तोच बैल बाजारात जातो. बैलाला वेदना होते याबद्दल शेतकऱ्याच्या मनात शंका नसते. तरी तो विकला जातो. म्हणजे जाणीव सिद्ध झाली की मालकी आपोआप सुटते, हे विज्ञानकथेचे गृहीतक आपल्या गोठ्यातच खोटे ठरते.

उलट उदाहरण देवळात आहे. कलकत्त्याच्या मलिक घराण्याच्या खटल्यात १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने हिंदू देवमूर्तीला निव्वळ जंगम वस्तू मानायला नकार दिला. मूर्ती ही कायद्याने व्यक्ती आहे, ती दावा लावू शकते, आणि तिची बाजू मांडायला निःस्वार्थ माणूस नेमावा, असे ठरले. तिथे मूर्तीच्या जाणिवेची परीक्षा कोणी घेतली नाही. महाराष्ट्रात देवाच्या नावावर जमीन, कसणारा दुसरा आणि खाणारा तिसरा, हे नवीन नाही. उद्या यंत्रमानवाला कायद्याने व्यक्ती ठरवले, तर त्याच्या नावाआड लपणारा कारखानदार असाच असेल. २०१७ साली युरोपीय संसदेने ‘इलेक्ट्रॉनिक व्यक्ती’ची कल्पना पुढे केली. पुढच्या वर्षी दीडशेहून अधिक जाणकारांनी जाहीर पत्र लिहून तिला विरोध केला, तो याच भीतीने. २०१७ मध्येच सौदी अरेबियाने सोफिया नावाच्या यंत्राला नागरिकत्व जाहीर केले. वर्षअखेरीस ती साडी नेसून मुंबईच्या आयआयटीत आली आणि टाळ्या घेऊन गेली. ते नागरिकत्व हक्काचे नव्हते, जाहिरातीचे होते.

माणसालाच गुलाम करणाऱ्या व्यवस्थेवर महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली. इतका थेट वारसा असलेल्या भाषेत यंत्रमानवाची कथा भयकथेपुरती राहावी, हे पटत नाही. हक्काची भाषा मराठीने दलित साहित्यात अंगावर काटा येईल अशा ताकदीने बोलून दाखवली आहे. विज्ञानकथेने तिच्याकडे पाठ फिरवली, ही या प्रकाराची सर्वांत मोठी उणीव आहे.

२० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. त्यांच्या पिढीने मराठी वाचकाला विज्ञान समजावले आणि ते काम चोख केले. पुढच्या पिढीचे काम वेगळे आहे. दिवाळी अंकांच्या संपादकांनी यंदा यंत्रांच्या बंडाच्या कथा बाजूला ठेवाव्यात आणि औंढ्याच्या, वसमतच्या, हिंगोलीच्या लेखकांकडून तालुका कोर्टात उभ्या राहिलेल्या यंत्रमानवाची कथा मागवावी. तिच्यात वकील असावा, तलाठी असावा, आणि साक्ष यंत्रमानवाची असावी.