ट्रॅमच्या आठवणी आणि चाळींचे वास्तव

मुंबईच्या ट्रॅमविषयी मराठीत जे लिहिले जाते त्यात हळहळच फार. घंटा, खडखडाट आणि ३१ मार्च १९६४ ची दादरकडे गेलेली शेवटची गाडी. ट्रॅमने आपल्याला काय दिले हे मध्यमवर्गीय लेखक प्रेमाने सांगतो. तेच इतरांना का मिळाले नाही, हा प्रश्न त्याला पडत नाही.

घोड्यांची ट्रॅम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली. कुलाबा ते पायधुणी भाडे तीन आणे होते, पुढे दोन झाले. मजुराची रोजची मजुरीही आण्यांतच मोजली जाण्याचा तो काळ! गिरणीच्या भोंग्याला पायीच पोहोचता यावे एवढ्याच अंतरावर तो राहणार. परळ, लालबाग, नायगाव दाटत गेले ते या चालण्यामुळे. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली, इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि त्याने दादर-माटुंग्यात आखीव वसाहती पाडल्या. १९०७ पासून विजेवर धावू लागलेली ट्रॅम पुढे दादर, किंग्ज सर्कलपर्यंत गेली. दूर राहून कचेरी गाठणे पगारदाराला परवडू लागले. वसाहतींची नावेच पाहा : हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी. त्यांना लागून नायगावची बी.डी.डी. चाळ, खोली १६० चौरस फुटांची!

ट्रॅमच्या बाकावर शिवाशिव पाळणे अवघड होते, हे खरे. पण तुटलेले सूत तोंडाने ओढावे लागे म्हणून ज्याला गिरणीच्या विणकाम खात्यात मज्जाव होता, त्याला खोली देताना मालक जात विचारीतच होता. रूळ टाकले म्हणून वस्ती खुली होत नाही. कोणी बाबासाहेबांचे उदाहरण पुढे करील. परळच्या ट्रस्टच्या चाळीत वर्षानुवर्षे काढल्यावर १९३० च्या दशकात ते हिंदू कॉलनीत गेले. पण गेले ते स्वतः बांधलेल्या 'राजगृहा'त.

हा हिशेब मुंबईपुरता नाही. पुण्याची मेट्रो २०२४ साली नगर रस्त्याने रामवाडीपर्यंत आली. वाघोली-विठ्ठलवाडीपर्यंत नेण्यास २०२५ साली केंद्राची मंजुरी मिळाली. त्याच रस्त्यावर पुढे कोरेगाव भीमा आहे. १ जानेवारीला विजयस्तंभाकडे जाताना आपण हा रस्ता दरवर्षी पाहतो. सणसवाडीच्या कारखान्यांतला कंत्राटी कामगार या पट्ट्यातच खोली शोधतो. स्टेशनालगतच्या जमिनीचे भाव चढतील तेव्हा त्याची खोली कुठे सरकेल, आणि भाड्याने देणारा त्याचे आडनाव विचारील का, हे आराखड्यावरच्या हरकती नोंदवताना आपल्या कार्यकर्त्यांनी लेखी विचारले पाहिजे.