दामाजीपंतांचे आख्यान आणि सांगणाऱ्याची तालीम

दामाजीपंतांची गोष्ट ठाऊक नसलेला श्रोता कीर्तनाला सहसा येत नाही. मंगळवेढ्याचा दुष्काळ, बादशहाची धान्याची कोठारे, दामाजीने ती उपाशी रयतेला मोकळी करून देणे आणि विठोबाने महाराच्या रूपात बेदरला जाऊन पैसे भरणे, हे सगळे लहानपणीच कानावरून गेलेले असते. तरीही चांगला बुवा उत्तररंगाला, म्हणजे कीर्तनाच्या कथेच्या भागाला, हे आख्यान लावतो, तेव्हा सभामंडपातून कोणी उठत नाही. शेवट माहीत असलेली गोष्ट सांगायची कशी आणि ते सांगणे शिकायचे कसे, हे मला या एका आख्यानात जितके लख्ख दिसते, तितके कुठल्या पुस्तकात दिसलेले नाही.

कथेचा ठळक आधार म्हणजे ताहाराबादच्या महिपतींचा 1762 सालचा ‘भक्तविजय’. पण ग्रंथ पाठ झाला म्हणून कोणी कीर्तनकार होत नाही. नारदीय कीर्तनाचे शिक्षण उभ्याने होते. शिष्य पहिल्यांदा बुवांच्या मागे झांज घेऊन उभा राहतो, त्यांनी टाकलेले धृपद उचलतो. साक्या, दिंड्या, आर्या, कटाव कानावर पडून पाठ होतात. या जागेचा मोठा फायदा असा की शिष्याचे तोंड श्रोत्यांकडे असते. बुवांना जे चेहरे दिसतात तेच त्यालाही दिसतात. कोणत्या वाक्याला पुढच्या रांगेतल्या आजीने पदर डोळ्याला लावला, कुठे मागची मुले चुळबुळली आणि त्यावर बुवांनी काय केले, हे तो रोज पाहतो. माझ्या मते या कलेचा खरा अभ्यासक्रम तोच.

आता आख्यानाकडे येऊ. त्याची पहिली अडचण अशी की ज्याच्यासाठी लोक थांबलेले असतात तो विठू बराच उशिरा येतो. नवखा कीर्तनकार त्याच्याकडे धावतो. दुष्काळाचे चार शब्द, कोठारे उघडली, शिपाई आले आणि लगेच बेदर! मग विठू आला तरी कोणाला काही वाटत नाही, कारण त्याची गरज कोणाला भासलेलीच नसते. जाणता बुवा दुष्काळात रेंगाळतो, आणि रेंगाळतो तोही एका पानावर. पंढरपूरहून आलेला एक भुकेला ब्राह्मण दामाजीच्या घरी जेवायला बसला आहे. पान वाढलेले आहे, पण त्याचा हात उचलत नाही. डोळ्यांतून पाणी येते, कारण घरी बायकोमुले उपाशी आहेत. गावोगावच्या दुष्काळाचे वर्णन करायला कटाव हाताशी आहे, तबलाही तयार आहे. पण इथे बुवाने थांबायचे असते. पेटीचा सूर तेवढा धरून ठेवायचा आणि तो न उचललेला हात श्रोत्यांना पाहू द्यायचा. त्या हातातून पुढचे सगळे जन्मते. दामाजी आधी एका घराला धान्य पाठवतो, ते वाटेतच भुकेले लोक लुटतात आणि मग त्याला कळते की एका घराचे पोट भरून भागणार नाही. एक माणूस, मग एक घर, मग सारा मुलूख. कथेची ही चढण पायरी न गाळता चढणे फार अवघड आहे.

कोठारे उघडतानाचा प्रसंग बुवाच्या पूर्वरंगाची परीक्षा घेतो. पूर्वरंगात एखाद्या अभंगावर निरूपण झालेले असते. परोपकार, नाही तर निष्काम सेवा. ते नीट मुरले असेल तर इथे उपदेशाचा एक शब्दही लागत नाही. दामाजीला शिक्षा काय होणार हे ठाऊक आहे, बायकोलाही ठाऊक आहे, किल्ल्या पुढे येतात, बस. जो बुवा इथे पुन्हा तत्त्व समजावू लागतो, त्याचा पूर्वरंग कच्चा राहिला असे खुशाल समजावे.

कथा अशी पेलण्याची रीत सगळ्याच कीर्तनाची नाही. आळंदीला जोगमहाराजांनी 1917 साली स्थापलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षांचे शिक्षण मिळते, पण तिथली घडण वेगळी. वारकरी कीर्तन अभंगाभोवती फिरते आणि गोष्ट दृष्टांतापुरती येते. एकच कथा अख्ख्या उत्तररंगभर पेलून नेण्याची शिस्त नारदीय परंपरेची. ही शिस्त तंजावरपर्यंत गेली. एकोणिसाव्या शतकात मोरगावकर बुवांची मराठी कीर्तने तिथे गाजली, ती ऐकून तंजावर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवे रूप दिले, आणि साकी, दिंडी, ओवी हे आपले छंद त्या हरिकथेत गेले. भाषा बदलली तरी गोष्टीचा सांगाडा टिकतो, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

पुन्हा आख्यानाकडे. कोठारे उघडल्याची बादशहाकडे चहाडी करणाऱ्या मुजुमदाराला बरेच जण कपटी हसू देऊन टाकतात. मला ते पटत नाही. सरकारी धान्य परवानगीशिवाय वाटले गेले, ही त्याची तक्रार कागदोपत्री बिनचूक आहे. त्याला सरळ, दफ्तरी भाषेत बोलू द्यावे. दामाजीने काय पणाला लावले, ते तेव्हाच कळते.

आणि मग बेदरचा दरबार. घोंगडी, काठी, कमरेला थैली, तोंडी जोहार. थैलीतून मोहरा ओतल्या जातात आणि थैली रिकामी होत नाही. सारा सभामंडप हसतो, कारण हा कोण ते प्रत्येकाला कळलेले आहे आणि बादशहाला कळलेले नाही. इथे कटाव हवाच, वेग हवाच. पण त्या हसण्याखाली एक जड गोष्ट आहे आणि ती दाबून टाकू नये. गावचा सारा सरकारी खजिन्यापर्यंत पोहोचवण्याचे काम गावच्या महाराकडेच असे. म्हणून देवाने घेतलेले सोंग कथेत सहज बसते. त्याच मंगळवेढ्यात महार संत चोखोबांचा देह पडला आणि त्यांची समाधी पंढरपूरच्या महाद्वाराबाहेर राहिली. देव महार होऊन बादशहाच्या दरबारात उभा राहिला असे शतकानुशतके गाणाऱ्या समाजाने खऱ्या महाराला मात्र विठ्ठलाच्या देवळात येऊ दिले नाही; तो प्रवेश मिळावा म्हणून 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात उपोषण करावे लागले. काही बुवा विठूची जात पुसट करून ‘एक सेवक’ म्हणतात. तसे करणे म्हणजे आख्यानाचा कणा काढून घेणे. शिकवणाऱ्याने शिष्याला हा शब्द स्पष्ट उच्चारायला आणि त्यामागचा इतिहास सांगायला शिकवलेच पाहिजे.

शेवटचा प्रसंग सर्वांत नाजूक. बादशहा दामाजीचा सत्कार करतो आणि म्हणतो, तुझा तो विठू मला पुन्हा दाखव. दामाजीला काहीच कळत नाही. गीतेची पोथी उघडतो तर आत पैसे भरल्याची पावती. ज्याने जन्मभर सेवा केली त्याला दर्शन झाले नाही, आणि ज्याने शिपाई धाडले त्याच्यापुढे देव हात जोडून उभा राहिला. चमत्काराचा आनंद इथे विरहात उतरतो आणि दामाजी चाकरी सोडतो. हा वळसा ज्याला साधला त्याची भैरवी आपोआप लागते. बहुतेक जण इथे आवाज चढवतात. कागद एवढासा आहे, त्याला आवाजही तेवढाच पुरतो.

आज पुण्यातल्या नारद मंदिरातल्या हरिकीर्तनोत्तेजक सभेसारख्या, दादरच्या अखिल भारतीय कीर्तन संस्थेसारख्या संस्था ही विद्या वर्गात शिकवतात. ते काम मोलाचे आहे. मोबाइलवरचे कीर्तन ऐकून पदे आणि चाली उत्तम बसतात, यातही शंका नाही. पण ऐकून ऐकून मुले मोठ्या बुवांच्या थांबण्याच्या जागाही जशाच्या तशा उचलतात, तिथे गोची होते. तो थांबा त्या दिवशीच्या, त्या सभेतल्या कोणा एका चेहऱ्यासाठी होता. दुसऱ्या गावात, दुसऱ्या माणसांपुढे तो नुसता रिकामा राहतो. म्हणून वर्गात शिकणाऱ्यानेही वर्ष दोन वर्षे कोणाच्या तरी मागे झांज धरावी, असे मला कळकळीने वाटते.

आणि झांज धरणाऱ्यापुढे श्रोते हवेत. येत्या रामनवमीला, गोकुळाष्टमीला तुमच्या गावच्या देवळात कीर्तन असेल तर जा, घरातल्या मुलांना न्या, पुढे बसा आणि आरती होईपर्यंत उठू नका.