शाळेचे हसू आणि सातारा-सांगलीची मुले

मराठी बालवाङ्मयात शाळा पुष्कळ आहे आणि विनोदही पुष्कळ आहे. परंतु चार-सहा वर्षांच्या मुलाने, अजून धड वाचता येत नसताना, मांडीवर घेऊन पाने उलटावीत आणि आपल्याच शाळेकडे पाहून खुदकन हसावे, अशी चित्रपुस्तके आपल्याकडे मोजकीच. ही उणीव साऱ्या महाराष्ट्राची आहे. तरीही सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचा विचार करताना ती विशेष बोचते, कारण अशा पुस्तकाला लागणारी सगळी सामग्री या मातीत केव्हाच जमा झाली होती.

जुन्या औंध संस्थानाचा नकाशा पाहिला तर त्याचे तुकडे आजच्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांत विखुरलेले दिसतात. या संस्थानाचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते. त्यांचे ‘चित्ररामायण’ १९१६ साली प्रसिद्ध झाले. एखादी संपूर्ण कथा चित्रांच्या ओळीतून सांगता येते, हा विश्वास त्यामागे होता. याच संस्थानाच्या हद्दीत १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० साली तेथून ‘किर्लोस्कर’ मासिक निघू लागले. संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः व्यंगचित्रे काढीत. मराठी वाचकाला छापील रेषेकडे पाहून हसण्याची सवय लागली, त्यात या आडरानातील वसाहतीचा वाटा लहान नाही. आणि याच संस्थानातील माडगुळे गावी १९२७ साली व्यंकटेश माडगूळकर जन्मले. त्यांच्या ‘बनगरवाडी’ने (१९५५) मराठीला एक अविस्मरणीय शाळा दिली. तरुण मास्तर नेमणुकीचा हुकूम घेऊन धनगरांच्या वाडीवर पोहोचतो. शाळा आहे, मास्तर आहे, फक्त मुले नाहीत. ती मेंढरांमागे गेली आहेत. (चित्रपुस्तकाचे पहिले पान याहून चांगले कोणते असणार?)

चित्र, हसू आणि शाळा या तिन्ही गोष्टी अशा एकाच चिमुकल्या संस्थानात नांदत होत्या. परंतु त्यांची गाठ एका पुस्तकात पडली नाही. राजेसाहेबांचा कुंचला देवादिकांच्या चरित्रात रमला, किर्लोस्करवाडीची रेषा सुशिक्षित प्रौढांना चिमटे काढीत राहिली, आणि माडगूळकरांची शाळा मोठ्यांच्या कादंबरीत गेली.

असे का झाले असावे? रंगीत छपाई महाग पडते, हे नेहमीचे उत्तर खरे असले तरी पुरेसे नाही. मला वाटते, खरे कारण या भागात शाळा ज्या किमतीला मिळाली त्यात आहे. सावित्रीबाई फुले यांचे माहेर साताऱ्याच्या नायगावचे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्थेची मुहूर्तमेढ रोवली आणि १९२४ साली तिचे बिऱ्हाड साताऱ्यास हलवले. वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसली आणि श्रमाच्या मोबदल्यात शिकली. दुसऱ्या बाजूला वाळवे तालुक्यातील वाटेगावचे अण्णा भाऊ साठे. त्यांच्या शाळेविषयी बोलताना दीड दिवसांचा हिशेब सांगितला जातो. ज्या प्रदेशात शाळेचा उंबरा ओलांडणे हीच एक लढाई होती, तेथे त्या उंबऱ्यावर बसून शाळेची थट्टा कोण करणार? पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला शाळा परवडत नव्हती, तसे शाळेवर हसणेही परवडत नव्हते.

म्हणून आपला शालेय विनोद बहुतांशी सुरक्षित घरांतून आला. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या व्रात्यपणा करू शकतो, कारण त्याच्या पाठीशी एक मायेचे, शिकलेले घर आहे. पु. ल. देशपांड्यांच्या ‘बिगरी ते मॅट्रिक’चा विनोद निर्विवाद थोर, पण तो मागे वळून पाहणाऱ्या प्रौढाचा आहे. शाळेतून सुखरूप बाहेर पडलेल्या माणसालाच तो साधतो. आज सकाळी पाटी-दप्तर घेऊन जो निघाला आहे, त्याच्यासाठी शाळा ही आठवण नसून पाच तासांची वस्तुस्थिती आहे. शिवाय छडी हे या जुन्या विनोदाचे हुकमी साधन. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने, जो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास मनाई केली. कायद्याचे पालन कुठे किती होते हा प्रश्न वेगळा. पण चित्रकाराने छडीवर अवलंबून हसवण्याचे दिवस संपले, हे निश्चित.

छडीपेक्षाही चिवट आहे ते ‘ढ’ हे अक्षर. आपल्या भाषेने वर्णमालेतील एका निरपराध अक्षरालाच मंदबुद्धीचा शिक्का बनवले आहे. पहिलीतले मूल ‘ढ’ ढगाचा, ढोलाचा म्हणून गिरवते, आणि त्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत त्याला कळते की हे अक्षर शेजारच्या बाकावरील एका मुलाचे नाव आहे. विनोदी म्हणवणाऱ्या अनेक बालकथांचा सारा डोलारा या एका अक्षरावर उभा असतो: जाडा मुलगा, बोबडा मुलगा, गावाकडून आलेला, शुद्ध न बोलणारा मुलगा. माणदेशातल्या किंवा जतकडच्या बोलीत उत्तर देणारे मूल अशा पुस्तकात सापडले तर ते हास्याचा विषय म्हणूनच. ज्याच्या वडिलांच्या पिढीने शाळा कष्टाने मिळवली, त्याच्या हाती आपण हे पुस्तक देतो आणि म्हणतो, हस बाळा. तो हसतोही, वर्गासोबत हसले नाही तर पुढचा ‘ढ’ आपणच ठरू, हे त्याला ठाऊक असते.

आपल्या ख्रिस्ती परंपरेकडे वळले तर तेथे दोष वेगळा दिसतो. मराठी बालनियतकालिकांच्या इतिहासात अमेरिकन मराठी मिशनच्या ‘बालबोधमेव्या’चे स्थान आद्यांत आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अखेरचे पर्व साताऱ्याशी जोडलेले आहे. ‘देवाचा दरबार’ त्यांनी १९१७ साली तेथेच स्थापला. मुलांवर मनापासून लोभ असलेला असा कवी या भागात वावरला. तरीही मिशनऱ्यांच्या बालवाङ्मयात मेव्याच्या आधी बोध आला, तो नावातच. आम्हा कॅथोलिकांची स्थितीही फार निराळी नव्हती. धर्मशिक्षणाच्या वर्गात बक्षीस म्हणून मिळे ते संतांचे चित्र. ते जपून प्रार्थनापुस्तकात ठेवायचे असे, हसायचे नसे. वास्तविक मुलांना जमवण्यासाठी हातचलाखीचे खेळ करून दाखवणारे संत जॉन बॉस्को आणि थट्टामस्करीसाठी रोमभर ओळखले जाणारे संत फिलिप नेरी आपलेच. त्यांचा आनंदी स्वभाव आपण चरित्रात वर्णन केला, पुस्तकांच्या पानांत मात्र उतरवला नाही.

अशा वेळी एका परक्या पुस्तकाची आठवण होते. लुडविग बेमेलमन्स यांचे ‘मॅडलिन’ १९३९ साली निघाले. पॅरिसमधील एका जुन्या घरात बारा मुली राहतात, दोन रांगांत फिरायला निघतात, आणि मिस क्लॅव्हेल नावाच्या बाई त्यांची काळजी वाहतात. बाईंचा पोशाख पाहून पुष्कळ वाचक त्यांना धर्मभगिनीच समजत आले आहेत. पाचगणीच्या रस्त्यावर शाळकरी मुलींची रांग पाहिलेल्या कुणालाही हे चित्र ओळखीचे वाटेल. तेथील सेंट जोसेफ कॉन्व्हेंट १८९५ पासून उभे आहे. गोष्ट एवढीच की सर्वांत लहान मॅडलिनचे आंत्रपुच्छाचे ऑपरेशन होते. बाकीच्या मुली तिला भेटायला इस्पितळात जातात, तिची खेळणी पाहतात, पोटावरचा व्रण पाहतात, आणि त्याच रात्री सगळ्या जणी रडू लागतात: आमचेही ऑपरेशन करा!

मजकूर मोजका आणि जवळजवळ गंभीर आहे. हसू चित्राने सांभाळले आहे. मध्यरात्री काहीतरी बिघडले या शंकेने मिस क्लॅव्हेल धावत सुटतात आणि धावता धावता पानावर तिरप्या होत जातात. अक्षरओळख नसलेले मूल ते चित्र पाहून हसते, वाचून दाखवणाऱ्या आईच्या आधी हसते. चित्रपुस्तकाचे हेच सामर्थ्य आहे. येथे मुलाला मोठ्यांपेक्षा आधी कळते. वर्गात दिवसभर ‘कळले का?’ हा प्रश्न ऐकणाऱ्या मुलाला एका पानापुरते आपण पुढे असल्याचे सुख मिळते. आणखी एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्यावी. आपण मिस क्लॅव्हेलना हसतो, परंतु त्या हास्यास्पद ठरत नाहीत. त्या तिरप्या होतात त्या मुलींवरील मायेने. शिक्षिकेचा आदर आणि तिच्याकडे पाहून आलेले हसू एकाच चित्रात सुखाने नांदते.

तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ हे तसे चित्रपुस्तक नव्हे. चिहिरो इवासाकी यांची कोवळी चित्रे त्यात जागोजागी आहेत इतकेच. चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या अनुवादाने ते मराठी घरांत पोहोचले. पहिलीतच शाळेतून काढून टाकलेली ही मुलगी. तिचा गुन्हा काय, तर मेजाचे झाकण पुनःपुन्हा उघडणे-मिटणे आणि खिडकीतून रस्त्यावरच्या वाजंत्रीवाल्यांना हाक मारणे. आपल्या नेहमीच्या विनोदाने तिला ‘ढ’ किंवा ‘कार्टी’ केले असते. येथे मात्र तिला काढून टाकले आहे हे आई तिला कळूच देत नाही, आणि नव्या शाळेचे मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच दिवशी तिचे बोलणे तासन् तास ऐकून घेतात. आपण भरपूर हसतो. त्या हसण्यात तोत्तोचानला लाज वाटावी असे काही नसते.

मग आपल्याकडे असे हसू कुणाला साधले? याचे उत्तर थोडे अनपेक्षित आहे. सीमाभागातील भोज गावी १९२५ साली जन्मलेल्या शि. द. फडणीस यांनी बालभारतीच्या प्राथमिक गणिताच्या पुस्तकांसाठी चित्रे काढली. शाळेतील सर्वांत भयप्रद विषयाच्या पुस्तकात एका श्रेष्ठ व्यंगचित्रकाराची रेषा शिरली. सातारा-सांगलीच्या वाड्यावस्त्यांवर, जेथे दुकानातून आणलेले गोष्टीचे पुस्तक घरी असणे दुर्मिळ, तेथे कित्येक मुलांच्या मालकीचे पहिले विनोदी चित्रपुस्तक हे गणिताचे क्रमिक पुस्तकच ठरले असणार. समीक्षकांनी याची नोंद फारशी घेतली नाही, कारण क्रमिक पुस्तकाला आपण वाङ्मय मानत नाही. मला मात्र फडणीसांच्या कीर्तिमान मुखपृष्ठांच्या बरोबरीने हे काम महत्त्वाचे वाटते. त्यांच्या चित्रांत सहसा कुणाची फजिती करून हसवलेले नसते. तर्कच एखाद्या पायरीवर घसरतो आणि आपण हसतो.

अलीकडच्या काळात माधुरी पुरंदरे यांनी मराठी चित्रपुस्तकाला जे स्थान मिळवून दिले, त्याला तोड नाही; २०१४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना लाभला तो उचितच. ‘राधाचं घर’मध्ये घरातली माणसे ज्या प्रेमळ मिस्कीलपणे रेखाटली आहेत, तो मिस्कीलपणा म्हणजे नेमके काय हे कुणा नव्या लेखकाने अभ्यासावे. तथापि ते घर शहरी मध्यमवर्गाचे आहे. ‘राधाचं घर’ आहे तशी एखाद्या राधेची एकखोली, दोनशिक्षकी शाळाही हवी, जेथे पहिली आणि चौथी पाठीला पाठ लावून बसते आणि पहिलीला चौथीची कविता आपसूक पाठ होते. खिचडी शिजल्याचा वास आल्यावर पाढे आपोआप वेगाने म्हटले जातात. साहेब तपासणीला येणार म्हणून फळा धुतला जातो आणि नेमकी शेळी आत येते. ही सारी सामग्री फुकट पडून आहे. तिच्यात कोणी ‘ढ’ नाही, कोणी दुष्ट मास्तर नाही.

महाबळेश्वर तालुक्यातील भिलार हे ४ मे २०१७ पासून ‘पुस्तकांचे गाव’ झाले. वेल्समधील हे-ऑन-वायच्या धर्तीवर घराघरांतून पुस्तके मांडली गेली आणि बालसाहित्यालाही तेथे जागा मिळाली. कल्पना सुंदर आहे. परंतु भिलार पाचगणीला लागून आहे आणि जत तेथून फार दूर. जत तालुक्यात मराठीबरोबर कन्नड माध्यमाच्याही शाळा आहेत. शिवाय ऊसतोडणीच्या हंगामात कारखान्यांच्या परिसरात कोप्या पडतात, तेव्हा परजिल्ह्यातील मुले वर्षाच्या मध्यावर येतात आणि पट्टा पडला की निघून जातात. त्यांच्यासाठी शाळा म्हणजे काही महिन्यांचा मुक्काम. या मुलांपर्यंत पोहोचायचे तर फडणीसांची दुसरी युक्ती उचलावी लागेल: शब्दांवाचून चित्र. शाळेच्या एका दिवसाचे निःशब्द, सोळा पानी पुस्तक निघाले तर त्याला अनुवाद नको, वाचून दाखवणारा मोठा माणूस नको. कन्नड बोलणारे मूल, कोपीतले मूल आणि आपल्या धर्मग्रामाच्या बालवाडीतले मूल शेळी आत आलेल्या त्याच पानावर थांबेल, आणि बाईंच्या आधी हसेल.