दाद आणि कौतुक : हौशी कविमंडळांतील गुणग्रहणाच्या भाषेचा विचार

कवितेला मिळणाऱ्या पसंतीसाठी मराठीत जे शब्द रूढ आहेत, त्यांत 'दाद' हा सर्वांत करडा शब्द होय. फारसीत 'दाद' म्हणजे न्याय. मराठीने हा मूळचा अर्थ टाकलेला नाही. अन्याय झालेला माणूस न्यायालयात दाद मागतो, गरिबाची दाद लागत नाही, आणि मैफलीत श्रोता गवयाला दाद देतो. तीनही प्रयोगांत शब्द एकच आहे. याचा अर्थ असा की दाद देणारा श्रोता त्या क्षणापुरता न्यायासनावर बसलेला असतो आणि समोरच्याचे जे देणे आहे तेवढेच तो त्याच्या पदरात टाकतो. 'शाबास' या शब्दाचे कूळ निराळे. 'शाद बाश', म्हणजे आनंदी राहा, ही मुळात सदिच्छा आहे. तिच्यात निवाडा नाही. 'तारीफ' अरबीतून आलेली. ओळख करून देणे, लक्षण सांगणे हा तिचा मूळ व्यापार. आणि 'कौतुक' हा संस्कृत शब्द कुतूहल व नवल या अर्थांवरून मराठीत वात्सल्यापर्यंत येऊन पोचला आहे. आजी नातवाचे कौतुक करते. ती त्याला दाद देत नाही. उलट न्यायाधीशाने वादीचे कौतुक केल्याचे ऐकिवात नाही.

हा शब्दविचार येथे मांडण्याचे कारण असे की, हौशी कवींच्या मंडळांत हे चारही व्यापार एकमेकांत मिसळून गेलेले आढळतात, आणि त्या मंडळांविषयी जे बरेवाईट बोलले जाते त्याचे मूळ बहुधा या मिसळीत असते. हौशी कवी म्हणजे ज्याचा चरितार्थ कवितेवर नाही असा कवी, अशी व्याख्या केली तर जवळजवळ सारे मराठी कवी हौशी ठरतील. म्हणून येथे तो शब्द अधिक संकुचित अर्थाने घेतला आहे. ज्याला वाचक म्हणून मुख्यतः आपल्यासारखेच लिहिणारे लाभतात, आणि जो त्यांच्या कवितांचा वाचक असतो, तो हौशी कवी. कवी आणि रसिक या दोन भूमिकांची अशी अदलाबदल जेथे नित्य चालते, तेथे स्तुतीचे रूपांतर देवघेवीत होण्याचा संभव उघड आहे. उंटाच्या लग्नात गाढवे गायला बसली आणि एकाने दुसऱ्याच्या रूपाची व दुसऱ्याने पहिल्याच्या गळ्याची वाखाणणी केली, ही सुभाषितकाराची थट्टा सर्वांच्या परिचयाची आहे. थट्टा म्हणून ती ठीक. परंतु तिने प्रश्न सुटत नाही.

अशा मंडळात कविता वाचून झाल्यावर काय बोलले जाते ते पाहावे. 'वा!', 'अप्रतिम', 'फारच सुंदर', 'अगदी मनाला भिडली', 'शब्दच नाहीत', 'लिहीत राहा'. व्याकरणदृष्ट्या या उद्गारांत एक समान गोष्ट आहे : कवितेतील एकाही शब्दाकडे, ओळीकडे वा प्रतिमेकडे त्यांतील एकही उद्गार बोट दाखवीत नाही. 'अप्रतिम' हे विधेय आहे, पण त्याचे उद्देश्य अध्याहृत आहे, आणि ते नेमके कोणते हे विचारणे शिष्टाचाराला सोडून होईल. 'मनाला भिडली' हे विधान ऐकणाऱ्याच्या मनाविषयी आहे. 'शब्दच नाहीत' हा तर दाद देण्याच्या जबाबदारीतून घेतलेला सभ्य निरोप होय. या साऱ्यांत 'लिहीत राहा' हे आज्ञार्थी वाक्य सर्वांत प्रामाणिक म्हटले पाहिजे, कारण ते कवितेविषयी काहीच म्हणत नाही. विधान नसल्यामुळे ते खोटेही ठरत नाही. ते 'शाबास'च्या कुळातले आहे.

या प्रोत्साहनाला तुच्छ लेखण्याचे कारण नाही. मराठी कवितेच्या इतिहासात त्याने मोठी कामे केली आहेत. जळगावहून नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ मध्ये सुरू केलेल्या 'काव्यरत्नावली'ने पुढे जवळजवळ अर्धशतक केवळ कवितेला वाहिलेले मासिक चालविले. त्याच जळगावात १९०७ मध्ये भरलेल्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या सतरा वर्षांच्या मुलाने आपली कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी त्याला 'बालकवी' ही पदवी दिली. ही पदवी दाद होती की कौतुक? 'कवी' या अंशात दाद आहे आणि 'बाल' या अंशात कौतुक. एका समासात दोन्ही बांधली गेली. पुढे रेव्हरंड टिळकांच्या अहमदनगरच्या घरात या मुलाला जे प्रेम मिळाले ते बाजूला काढून त्याच्या कवितेचा विचार करणे कठीण आहे. दुसऱ्या टोकाला बहिणाबाई चौधरी आहेत. त्यांना अक्षरओळख नव्हती, आणि मंडळ तर नव्हतेच. शेतात आणि घरात काम करता करता रचलेल्या ओव्या घरच्यांनी टिपून ठेवल्या, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये अत्र्यांच्या पुढाकाराने त्या छापल्या गेल्या. प्रोत्साहनाविना कविता मरतेच असे नाही, हे या उदाहरणावरून म्हणता येईल. परंतु टिपून ठेवणारे कोणी नव्हते म्हणून नाहीशा झालेल्या ओव्यांची मोजदाद कोठून आणावयाची?

या प्रश्नाचा सर्वांत जाणता विचार आपल्याकडे हजारापेक्षा अधिक वर्षांपूर्वी झाला आहे. कनौजच्या दरबारात वावरलेला, परंतु आपल्या पूर्वजाला 'महाराष्ट्रचूडामणि' म्हणून गौरविणारा राजशेखर याने 'काव्यमीमांसे'त भावकाचे, म्हणजे काव्य ग्रहण करणाऱ्याचे, चार प्रकार सांगितले आहेत. अरोचकी, ज्याला काहीच रुचत नाही, सतृणाभ्यवहारी, जो धान्याबरोबर गवतही गिळतो, मत्सरी, आणि तत्त्वाभिनिवेशी, जो हजारात एखादा. हे वर्गीकरण अनेकांनी उद्धृत केले आहे. त्यातील एका बारकाव्याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. गवतासकट गिळण्याची वृत्ती राजशेखर निंद्य मानीत नाही. व्युत्पत्ती मिळवू पाहणाऱ्या, कौतुकाने भरलेल्या प्रत्येकाची ती पहिली अवस्था असते, असे तो म्हणतो. विवेक जागा झाला की तोच माणूस पुष्कळ टाकून देतो आणि पुष्कळ घेतो. 'कौतुक' हा शब्द येथे त्याच्या जुन्या अर्थाने, कुतूहल म्हणून, आला आहे. हौशी मंडळात नव्याने आलेल्याला सारेच सुंदर वाटते ही तक्रार मग तक्रार उरत नाही. दोष शोधावयाचाच तर तो अनेक वर्षे त्याच अवस्थेत थांबून राहण्यात शोधावा लागेल.

याच ग्रंथात कवीची दिनचर्या दिलेली आहे, आणि ती देणाऱ्याला कवींच्या बैठकींचा चांगलाच अनुभव असला पाहिजे. सकाळी विद्याभ्यास, मग रचना, भोजनोत्तर काव्यगोष्ठी. एवढ्यावर न थांबता राजशेखर चौथा प्रहर वेगळा राखतो : त्या वेळी सकाळी केलेल्या काव्याची परीक्षा करावी, एकट्याने किंवा मोजक्या लोकांच्या परिषदेत, कारण रसाच्या आवेशात लिहिणाऱ्याची दृष्टी विवेचक नसते. गोष्ठी आणि परीक्षा यांना त्याने दोन वेगळे प्रहर दिले, ही गोष्ट महत्त्वाची आहे. गोष्ठीत आनंद घ्यावा, परीक्षेत निवड करावी. एकाच बैठकीत एकाच तोंडाने दोन्ही कामे उरकण्याचा आग्रह त्याने धरला नाही. त्याची व्यावहारिक सावधगिरीही वाचण्यासारखी आहे. नवे काव्य एकट्या माणसापुढे वाचू नये, असे तो बजावतो. उद्या तो ते स्वतःचे म्हणू लागला तर साक्षीदार कोण आणणार? आणि स्वतःला कवी मानणारा भेटलाच तर त्याच्या कलाने घेऊन त्याला खूष ठेवावे, कारण त्याच्यापुढे चांगले बोलणे म्हणजे अरण्यरुदन. आजच्या मंडळांतील पुष्कळशी 'अप्रतिम' या शेवटच्या सल्ल्याचे नकळत पालन करीत असतात. स्तुती करणाऱ्याने कवीला 'कविमानी' ठरवून मोकळे केलेले असते, आणि ते त्या कवीला कधीच कळत नाही. कौतुकात दडलेला हा अनादर कठोर टीकेतल्या अनादराहून मोठा आहे.

अर्वाचीन मराठीत परिषद आणि गोष्ठी या दोहोंचे काम काही काळ एकत्र करून दाखविले ते रविकिरण मंडळाने. १९२३ मध्ये पुण्यात निघालेल्या या मंडळात माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे, ग. त्र्यं. माडखोलकर, वि. द. घाटे आणि दि. ल. गोखले ही मंडळी होती. सर्वांची प्रतिभा सारखी नव्हती, आणि मंडळाच्या नावावर प्रसिद्ध झालेले सारेच टिकले असेही नाही. काव्यगायनाच्या लाटेने तर पुढे श्रोत्यांच्या टाळीला फाजील महत्त्व आणले. तथापि या माणसांनी एकमेकांच्या कविता ऐकल्या त्या कानात वृत्ताची मोजणी जागी ठेवून. माधव ज्यूलियनांच्या 'छंदोरचने'ची पहिली आवृत्ती १९२७ ची आणि वाढविलेली १९३७ ची. याच ग्रंथासाठी १९३८ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांना डी. लिट. दिली. ज्या वर्तुळात असा ग्रंथ आकाराला येतो तेथील बोलण्यात 'सुंदर'च्या जोडीला दुसरीही वाक्ये असणारच.

ती दुसरी वाक्ये कशी असतात? 'येथे एक मात्रा कमी पडते.' 'यती शब्दाच्या मधोमध येतो.' 'हे यमक नुसते डोळ्यांना दिसते, कानाला लागत नाही.' यांची वाक्यरचना पाहण्यासारखी आहे. कर्ता मात्रा आहे, यती आहे, यमक आहे. कवी वाक्यात कोठेच नाही. दोष ओळीत राहतो आणि ओळीतच दुरुस्त होतो. छंदःशास्त्राने मराठी कवींना वृत्ते दिली, हे सारे जाणतात. त्याने त्यांना न दुखावता दोष सांगण्याची एक भाषाही दिली, हे सहसा कोणी नोंदवीत नाही. अत्र्यांनी १९२५ मध्ये 'झेंडूची फुले'त मंडळाच्या कवींची जी विडंबने केली, तीही या भाषेच्या बळावरच. वृत्त, लकब, आवडते शब्द, सारे अचूक टिपल्याशिवाय विडंबन जमत नाही. त्या अर्थाने मंडळाला मिळालेली सर्वांत नेमकी दाद मंडळाबाहेरून, आणि हसत हसत आली.

अनिलांनी मुक्तछंद रूढ केला, 'भग्नमूर्ती' १९४० मध्ये आली, आणि मर्ढेकरांनंतर कवितेची घडण झपाट्याने बदलली. मराठी कवितेने यात पुष्कळ मिळविले; येथे त्याविषयी वाद नाही. मुक्तछंदालाही लय असते आणि ती चुकते, हे त्याचे पुरस्कर्ते सांगत आले. परंतु हौशी मंडळात मुक्तछंद पोचला तो वृत्तातून सुटका म्हणून, आणि वृत्ताबरोबर दोष सांगण्याची ती निर्वैयक्तिक भाषाही गेली. तिच्या जागी दुसरी आली नाही. मात्रा कमी पडते असे म्हणता येत नाही, मग काय म्हणावयाचे? 'हे मला पटले नाही' म्हटले की बोलणे तत्काळ दोन माणसांमधले होते. तेव्हा भला माणूस गप्प बसतो किंवा 'छान' म्हणतो. स्तुतीचा जो पूर आज दिसतो त्याचे कारण लोक पूर्वीपेक्षा खोटे झाले हे नव्हे. त्यांच्या हातात वाक्ये उरलेली नाहीत.

या निदानाला आधार गझलेच्या वर्तुळांतून मिळतो. तेथे रदीफ, काफिया आणि वृत्त यांचे बंधन शाबूत आहे. उर्दूतील इस्लाहची, म्हणजे उस्तादाने शागिर्दाचा शेर दुरुस्त करून देण्याची, परंपरा सुरेश भटांनी आपल्या परीने मराठीत आणली आणि नवोदितांसाठी 'गझलेची बाराखडी' लिहिली. मुशायऱ्यात श्रोता शेराची पहिली ओळ उचलून पुन्हा म्हणतो, दुसऱ्या ओळीतल्या काफियाची वाट पाहतो आणि तो पडताच 'वाहवा' उठते. येथे स्तुतीची जागा रचनेनेच नेमून दिलेली असते. चुकीच्या जागी वाहवा करणाऱ्याचे अज्ञान चारचौघांत उघडे पडते. गझलकारांची मंडळे खुशामतीपासून मुक्त आहेत असा याचा अर्थ नाही. खुशामत करावयाची तरी तेथे काफिया कळावा लागतो, इतकेच. मराठीत गझल रुजविणारे माधव ज्यूलियन फारसीचे अध्यापक होते, १९२५ चा 'फार्शी-मराठी कोश' त्यांचाच, आणि 'भाषाशुद्धि-विवेक' (१९३८) लिहून फारसी शब्द मराठीतून काढावेत असे सांगणारेही तेच. त्यांचा सल्ला पूर्णपणे पाळला गेला असता तर 'दाद', 'शाबास' आणि 'तारीफ' ही तिन्ही गेली असती आणि मराठी कवीच्या वाट्याला केवळ कौतुक उरले असते.

मुक्तछंदात लिहिणाऱ्या मंडळांना वृत्ताकडे परत पाठविण्याची सूचना व्यर्थ होईल. मात्रेच्या वाक्याशी तुल्य अशी वाक्ये मुक्तछंदासाठीही बनविता येतात. 'हे विशेषण काढून ओळ वाचून पाहावी.' 'तिसऱ्या ओळीत कविता संपली आहे. पुढच्या चार ओळी तिचा अर्थ सांगतात.' 'गाभारा, काहूर आणि ओंजळ हे तीन शब्द एका कवितेत आले की त्यांतला एकही ऐकू येत नाही.' 'येथे ओळ तोडल्याने श्वास कोठे थांबतो?' या वाक्यांतही कवी कर्ता म्हणून येत नाही, आणि खरे-खोटे कागदावर तपासता येते. ती मोठ्या सभेत बोलण्याची नाहीत. राजशेखराने परिषदेला 'परिमित' हे विशेषण विचारपूर्वक लावले आहे. रविकिरण मंडळात आठ माणसे होती.