'सातारा' या शब्दात अक्षरे किती?

साताऱ्यातील आमचा एक तरुण मित्र प्रोग्रामर आहे. पायथन या संगणकभाषेचा विषय निघाला की तो थांबत नाही. भाषा सोपी, फुकट, आणि तिच्यामागचा समुदाय म्हणजे जणू मुष्टिफंड, असे तो म्हणतो. रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांसाठी घरोघरी मूठमूठ धान्य गोळा होई, तसे इथे जगभरचे लोक मूठमूठ काम टाकतात. उपमा आम्हांला आवडली. पण आवडलेली गोष्टही तपासून पाहायची आम्हांला सवय आहे.

आधी त्याचे बरोबर काय ते पाहू. गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ साली ही भाषा लोकांपुढे ठेवली. ती मुक्तस्रोत आहे, म्हणजे नुसती फुकट नव्हे. घड्याळ फुकट मिळणे वेगळे आणि त्याचे झाकण उघडून आतली चाके पाहता येणे, बदलता येणे वेगळे. आपल्याकडच्या लोकांनीही यात भर घातली आहे. त्रिमितीय वैज्ञानिक चित्रे काढणारे 'मायावी' हे साधन आयआयटी मुंबईच्या प्रभू रामचंद्रन यांनी घडवले. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांनीच चालवलेला लिनक्स गट आहे. तेव्हा मित्राचा उत्साह पोकळ नाही.

'सोपी' हा शब्द मात्र जपून वापरावा. इफ, फॉर, व्हाइल हे शब्द इंग्रजीच आहेत. चलांना 'बेरीज', 'सरासरी' अशी मराठी नावे चालतात, हे किती वर्गांत सांगितले जाते?

आता एक प्रयोग. शब्दाची लांबी सांगणारी 'लेन' ही आज्ञा पायथनमध्ये आहे. तिला 'सातारा' द्या. उत्तर येते ६. 'सांगली' द्या, पुन्हा ६. पहिलीतले मूल मात्र दोन्ही शब्दांत तीनच अक्षरे मोजते. मग चुकले कोण?

कोणीच नाही. युनिकोड पद्धतीत व्यंजनाला एक क्रमांक आणि काना, मात्रा, अनुस्वार यांना वेगवेगळे क्रमांक असतात. स, काना, त, काना, र, काना असे सहा क्रमांक पायथन मोजते. आपण अक्षरे मोजतो.

या ६ मागे इतिहास आहे. पायथनच्या दुसऱ्या पिढीत युटीएफ-८ पद्धतीने साठवलेल्या याच शब्दाची लांबी १८ येई, कारण मोजणी बाइटांची होती आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. २००८ साली आलेल्या तिसऱ्या पिढीने साधे शब्दही युनिकोडमध्ये धरले. त्यामुळे जुने प्रोग्राम मोडले, वाद झाले, आणि दुसऱ्या पिढीची देखभाल २०२० च्या प्रारंभी थांबली. १८ वरून ६ वर यायला समुदायाने बारा वर्षे सोसली.

६ वरून ३ वर येण्याची वाट अजून पुरती संपलेली नाही. अक्षरे मोजणारी जोडसाधने मिळतात; पण 'क्ष'सारखे जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम युनिकोडमध्येच २०२३ साली आला. असे प्रश्न ज्यांना रोज दिसतात ते आपण. ते मांडायचे कोणी?

मित्राच्या उत्साहाबद्दल आमची तक्रार एवढीच आहे. या मुष्टिफंडातून आपण पोटभर जेवतो, मूठ मात्र क्वचित टाकतो. याची सुरुवात वर्गातच होते. 'लेन लांबी सांगते' असे लिहिणाऱ्याला आपण पूर्ण गुण देतो. 'लांबी कशाची?' असे विचारणारा विद्यार्थी अभ्यासक्रमाबाहेर जातो म्हणून गप्प बसवला जातो. खरे तर झाकण उघडायला निघालेला तोच असतो.

शिक्षकांनी 'कराड', 'कृष्णा' आणि 'शिक्षक' हे शब्द फळ्यावर लिहावेत. आधी मुलांनी अक्षरे मोजावीत, मग संगणकाचे उत्तर काय येईल ते कारणासह वहीत लिहावे, आणि त्यानंतरच प्रोग्राम चालवावा. ४, ६, ६ ही उत्तरे ज्यांना आधीच सांगता आली, त्यांनी आतली चाके पाहिली असे समजावे. ज्यांची चुकली, त्यांच्याशी चर्चा अधिक रंगेल.