बर्फाचा करडा

सॅम्युअल बोर्नने काढलेला मणिरंग खिंडीचा फोटो पाहायचा तर आधी वर, आकाशाकडे पाहावं. तिथे काहीही नाही. ढग नाही, छटा नाही, नुसता कोरा कागद. 1866च्या ऑगस्टमध्ये स्पिती आणि किन्नौर यांच्यामधल्या या खिंडीत, त्याच्या हिशेबाने 18,600 फुटांवर, त्याने तंबूच्या अंधारात काच ओली केली, कॅमेऱ्यात घातली आणि वाळण्याच्या आत धुतली. पुढची सुमारे 20 वर्षं याहून जास्त उंचीवर कोणी फोटो काढल्याची नोंद नाही. एवढा खटाटोप करून वरचा भाग रिकामाच राहिला, असं पहिल्या नजरेला वाटतं.

दोष बोर्नचा नव्हता, काचेचा होता. कलोडियनची ओली प्लेट निळ्या आणि जांभळ्या प्रकाशालाच दाद द्यायची. निळं आकाश तिच्या लेखी बर्फाइतकंच उजळ. आकाशाचं हे कोरेपण चटकन लक्षात येतं, पण खरी गोम खाली बर्फात आहे. निरभ्र दिवशी बर्फावर पडणारी सावली निळी असते, कारण सूर्य अडला तरी तिच्यावर आकाशाचा उजेड पडतच असतो. आपल्या डोळ्याला ती गडद दिसते, प्लेटला मात्र जवळजवळ उजेडच दिसतो. म्हणजे बर्फाला आकार देणाऱ्या सावल्याच या तंत्रात विरघळून जायच्या. चढ, उतार, वाऱ्याने उठवलेल्या वळ्या, सगळं एका सपाट पांढऱ्यात बुडायचं.

मग बोर्नने काय केलं? त्याने खडकावर भिस्त ठेवली. चौकटीत काळे कडे अशा बेताने घेतले की बर्फाला कडा मिळाव्यात. पांढऱ्याचा आकार त्याला पांढऱ्यातून दाखवता येत नव्हता, तो त्याने काळ्याच्या कापातून दाखवला. चित्रकार कागद कोरा सोडून भोवती शाई भरतो, तसा हा प्रकार आहे. पुढे अल्ब्युमेनच्या, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावर उन्हात छापलेले त्याचे प्रिंट सोन्याच्या क्षाराने टोन होऊन तपकिरी-जांभळट होत, आणि काळाने त्यातला पांढरा हस्तिदंती झाला. आपण ज्याला सवयीने ‘ब्लॅक अँड व्हाइट’ म्हणतो, त्यात खरा काळाही नाही आणि खरा पांढराही नाही.

ही काच मुंबईला अनोळखी नव्हती. 1854मध्ये इथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या पहिल्या देशी सभासदांपैकी. मुंबईच्या उकाड्यात कलोडियनमधला ईथर बघता बघता उडून जायचा आणि प्लेट वाळायची. मणिरंगवर उलटा त्रास, रसायनं थंडीने सुस्तावलेली आणि बोटं बधिर. बोर्नच्या कंपनीने पुढे मुंबईतही शाखा काढली. कोलकात्यातला त्यांचा जुना स्टुडिओ 1991च्या आगीत निगेटिव्ह गमावून बसला आणि 2016मध्ये बंदच झाला.

बर्फाला आतून आकार देणारा माणूस भेटतो तो 1899 साली. व्हिट्टोरिओ सेल्ला इटलीतल्या बिएल्ला गावचा. वडिलांनीच फोटोग्राफीवरचं इटालियन भाषेतलं पहिलं हस्तपुस्तक लिहिलेलं, त्यामुळे रसायनांचा वास घरातलाच. गिर्यारोहक डग्लस फ्रेशफिल्डबरोबर तो कांचनगंगेला प्रदक्षिणा घालायला निघाला आणि वाटेत झेमू हिमनदीवरून त्याने सिनिओलचूचा फोटो घेतला. हे शिखर 6,888 मीटरचं, म्हणजे त्या भागात मधल्या उंचीचं. पण सेल्लाच्या फोटोनंतर त्याची गणना जगातल्या सर्वांत देखण्या शिखरांत होऊ लागली, यात फोटोचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं.

या फोटोत बर्फ पांढरा फारच थोडा आहे. माथ्यापासून खाली उतरणाऱ्या उभ्या पन्हळी आहेत, शेकडो, एकीला लागून एक. प्रत्येक पन्हळीची एक बाजू उजळ, दुसरी करडी, आणि दोन पन्हळींच्या मधल्या खाचेत आणखी गडद करडा. निव्वळ पांढरा शोधायला गेलं तर धारेवर एखादी रेघ सापडते. बाकी सगळा पर्वत करड्याने बांधलेला आहे, आणि तरीही पाहणारा म्हणतो, केवढा शुभ्र! शुभ्रपणा प्रिंटमधल्या त्या चार-दोन रेघा आणि उरलेला करडा यांच्या नात्यातून येतो. सगळाच भाग पांढरा सोडला असता तर तो शुभ्र न दिसता खडूसारखा मेलेला दिसला असता.

हे समजायला झेमूला जायची गरज नाही. श्रावण लागायच्या आधी लालबाग-परळच्या गणपतीच्या कारखान्यात जावं. रंग चढण्यापूर्वीच्या मूर्ती पांढऱ्याशुभ्र, ओळीने उभ्या असतात. समोरून ट्यूबलाइट पडली की सोंडेच्या वळ्या आणि पीतांबराच्या निऱ्या नाहीशा होतात, उरतो एक पांढरा गठ्ठा. दाराच्या बाजूने तिरपा उजेड आला की तीच मूर्ती वळणावळणाने जागी होते. कारागीर निरी नीट उतरली आहे का ते पाहायला मूर्ती उजेडाकडे वळवतो. सेल्लाला पर्वत वळवता येत नव्हता, त्यामुळे तो उजेड वळण्याची वाट पाहत बसला. जे. जे. स्कूलमध्ये प्लॅस्टरच्या पुतळ्यांवरून कोळशाने अभ्यास करणारे विद्यार्थीही हेच शिकत आले आहेत: पांढरं काढायचं म्हणजे करडं ओळखायचं.

फोटोग्राफर अॅन्सेल अॅडम्स सेल्लाचा चाहता होता, त्याच्यावर त्याने लिहिलंही. पण स्वतः त्याने आकाशाचा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. 10 एप्रिल 1927 रोजी कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीमध्ये हाफ डोमच्या कड्यासमोर तो उभा होता, जवळ दोनच काचा उरल्या होत्या. एक पिवळा फिल्टर लावून वापरली. मग त्याच्या ध्यानात आलं की यातून आकाश फिकट येईल आणि कड्याचा दरारा उतरेल. शेवटच्या काचेसाठी त्याने गडद लाल फिल्टर लावला. पँक्रोमॅटिक प्लेटला लाल प्रकाश दिसतो, लाल फिल्टर निळा अडवतो, त्यामुळे आकाश जवळजवळ काळं उतरलं आणि बर्फावरच्या निळ्या सावल्याही खोल झाल्या. बोर्नच्या काचेने जे बुडवलं होतं नेमकं तेच या फिल्टरने वर काढलं.

पुढे 1940च्या सुमाराला त्याने फ्रेड आर्चरबरोबर झोन सिस्टिम, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांची पायरीवार मांडणी, मांडली. तिचा बर्फापुरता सारांश असा. उजेड मोजणाऱ्या मीटरला जगातली प्रत्येक वस्तू मध्यम करडी वाटते, बर्फावर रोखला तर तो बर्फही करडा करून ठेवतो. म्हणून दीड ते दोन स्टॉप जास्त उजेड द्यायचा, पण त्यापलीकडे जायचं नाही, कारण पोत असलेला बर्फ आठव्या झोनपर्यंतच टिकतो, पुढे सपाट कागद. आणि नेमका किती टिकेल हे डेव्हलपरमध्ये ठरतं.

इथे मुंबईची गंमत सुरू होते. गिरगावात वा दादरला चाळीतल्या मोरीत खिडकीवर घोंगडी टाकून ज्यांनी डार्करूम चालवली त्यांना हे पाठ असेल. डी-76 हा डेव्हलपर 20 अंशांवर वापरायचा. मे महिन्यात नळाचं पाणीच 30च्या आसपास. गरम डेव्हलपर फिल्मवर धावतो, आणि सगळ्यात आधी धावतो तो उजळ भागांवर. निगेटिव्हवर बर्फ डांबरासारखा दाट होतो, एन्लार्जरचा उजेड त्यातून पार जात नाही, प्रिंटवर नुसता खडू. म्हणजे हिमालयात जपून आणलेला पोत ग्रँट रोडच्या उकाड्यात दहा मिनिटांत जातो. उपाय एकच, बर्फवाल्याकडून लादीचा तुकडा आणून परातीत फोडायचा आणि त्यात डेव्हलपरचं भांडं ठेवायचं. हिमालयातल्या बर्फाचा फोटो मुंबईत वाचवायला बर्फच लागायचा. (या शहराला बर्फ विकत घेण्याची सवय जुनी. 1830च्या दशकात अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांतला बर्फ जहाजाने इथे यायचा. तो साठवायचं आइस हाउस होतं तिथे आज कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आहे.)

मग कागद. ढगाळ दिवसाच्या बर्फाला कडक ग्रेडचा, उन्हातल्या बर्फाला मऊ. आणि शेवटी हाताचं काम: उजळ उतारावर थोडा जास्त उजेड देऊन तो ‘जाळायचा’, म्हणजे करडा करायचा. नवशिका नेहमी उलट करतो, बर्फ अजून पांढरा करायला जातो.

गिर्यारोहकांना हा पोत शोभेसाठी लागत नाही. ‘हिमालयन जर्नल’ कितीतरी वर्षं मुंबईत हरीश कपाडियांच्या संपादनाखाली निघालं. त्यातल्या काळ्या-पांढऱ्या फोटोंवर कधी तुटक रेघेने वाट काढलेली असते. अशा फोटोत बर्फ खडू झाला तर भेगा दिसत नाहीत, आणि मग फोटो कितीही सुंदर असला तरी निरुपयोगी. मुंबईचेच जगदीश नानावटी शिखरावर पोचल्याचे दावे फोटो ताडून तपासत असत. त्यांच्यासाठी धारेवरची सावली हा पुरावा होता. 1988मध्ये गिरिविहार या गिर्यारोहण संस्थेची मुंबईकर मंडळी वसंत वसंत लिमये यांच्या नेतृत्वाखाली कांचनगंगेवर गेली, 2019मध्ये पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे दहा जण तिच्या माथ्यावर पोचले. अशा मोहिमांचे आजचे फोटो रंगीत असतात, आणि पुढे कोणीतरी ते मोबाइलवर बोटाने काळे-पांढरे करतो. निळ्याची पट्टी खाली ओढली की अॅडम्सचं काळं आकाश फुकटात मिळतं.

मला या फुकटच्या काळ्याचा कंटाळा आला आहे. उंचीवर आकाश खरोखरच गडद होत जातं, त्यामुळे ते अगदी खोटं नव्हे. पण प्रत्येक शिखरामागे तोच पडदा लावला की सगळी शिखरं एकाच नाटकातली वाटू लागतात.

म्हणून पुन्हा बोर्नकडे जावंसं वाटतं. माणूस म्हणून तो फारसा लोभस नाही. हमाल अडून बसले की त्यांच्यावर काठी चालवल्याचं त्याने स्वतःच विलायती फोटोग्राफीच्या नियतकालिकात लिहून ठेवलं आहे, आणि तेही फुशारकीने. काचेच्या, रसायनांच्या, तंबूच्या पेट्या त्याच हमालांच्या पाठीवरून खिंडीत चढल्या होत्या. मणिरंगच्या फोटोत बर्फावर माणसं आहेत, छोटी, गडद. लाल फिल्टरने तो उतार सावल्यांनी भरून टाकला असता तर त्या सावल्यांत ती मिसळून गेली असती. कलोडियनला निळी सावली दिसत नव्हती, म्हणून उतार सपाट उरला आणि त्यावर उठून दिसायला ही माणसंच राहिली. बोर्नला ती मापासाठी हवी होती, खिंड केवढी आहे ते कळावं म्हणून. आज मी मात्र आधी त्यांनाच मोजतो, खिंड नंतर.