गळा होता, गल्ली नव्हती

सवाल सरळ विचारतो. गळा होता, हात होते, वाद्यं होती, मुंबईसारखं शहर होतं. तरी अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट नावाचा बँड वर का आला नाही?

तुम्ही म्हणाल, हे कोण? आणि आपल्याला त्यांचं काय? वस्तीत नळाला पाणी नाही आणि हा सूतगिरणीत राबणारा गडी हार्ड रॉकवर लिहायला बसलाय! थांबा जरा. हा सवाल माझ्या दारात येऊन बसला म्हणून लिहितोय.

आमच्या वस्तीतल्या चार पोरांनी बँड काढलाय. जुनी गिटार, हप्त्यावर घेतलेले ड्रम, उसना अ‍ॅम्प्लिफायर. समाजमंदिरात रोज सराव. चौदा एप्रिलला पोरं गायली. इंग्रजीत, परदेशी बँडची गाणी. वाजवलं मात्र जबरदस्त. दहा मिनिटांत समोरची माणसं उठली आणि डीजेच्या गाडीमागं गेली. म्हाताऱ्या तेवढ्या बसून राहिल्या, त्यांना उठवत नव्हतं म्हणून. रात्री गिटारवाला माझ्याकडं आला. म्हणाला, "दादा, आमचं चुकलं कुठं?"

मला उत्तर देता आलं नाही. त्याच आठवड्यात तिसऱ्या पाळीला, चहाच्या सुट्टीत, जोडीदारानं मोबाईलवर एक जुनी तबकडी ऐकवली. ऑब्सेशन ७७. साच्यांच्या घरघरीत कान बधिर झालेले, तरी ती गिटार कानात घुसली. म्हटलं, हे कुठले गोरे? तो म्हणाला, गोरे कसले, आपल्या मुंबईचे. मी चाटच पडलो. एवढं वाजवणारी माणसं, आणि मला त्यांचं नावही ठाऊक नाही!

कीथ कांगा, नील चट्टोपाध्याय, मधुकर दास, नंदू भेंडे. पारशी, बंगाली, मद्रासी, मराठी. सत्तरच्या दशकात ही माणसं मुंबईत एकत्र वाजवत होती. नंदू भेंडे म्हणजे मराठी रंगभूमीवरचे आत्माराम भेंडे यांचा मुलगा. १९७४ साली अ‍ॅलेक पदमसींनी मुंबईत 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' बसवलं तेव्हा मधुकर दास येशू झाला आणि नंदू भेंडे जुडास. म्हणजे गुणांची वाण नव्हती. मग झालं काय?

पहिलं कारण पैशाचं. विजेची गिटार, अ‍ॅम्प्लिफायर, सगळं परदेशी. आयातीवर परवाने, वर जबर जकात. ज्याच्या घरचं कुणी विमानानं येतंजातं किंवा ज्याला हॉटेलवाला वाद्यं पुरवतो, त्यालाच हे परवडायचं. त्यामुळं हे संगीत जन्मालाच आलं ते हॉटेलात. ताजमधलं ब्लो-अप, कुलाब्यातलं स्लिप डिस्क. दाराशी दरवान उभा. दरवान कुणाला आत सोडतो आणि कुणाला नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको.

दुसरं कारण धंद्याचं. तबकडीचा सगळा व्यापार सिनेमाच्या गाण्यावर. बँडवाल्यांना आधार कुणाचा, तर सिगारेटवाल्यांचा. १९७० आणि १९७१ साली सिमला बीट नावाच्या स्पर्धा झाल्या, त्यातल्या बँडच्या तबकड्या निघाल्या. सिमला हे सिगारेटचं नाव! कंपनीला सिगारेट खपवायची होती, गाणं नव्हे. खप बघून झाला, कंपनी उठून गेली, बँड तिथंच. अ‍ॅटॉमिक फॉरेस्टची तबकडी बाजारात आली १९८१ साली. नाव '७७', निघाली ८१ला! तोवर हवा पालटली होती. 'कुर्बानी' येऊन वर्ष झालं होतं, त्याच ८१ साली नाझिया हसनचं 'डिस्को दीवाने' आलं. सगळा देश डिस्कोवर नाचत होता. जेवणं उरकल्यावर आलेल्या पाहुण्यासारखी गत झाली या तबकडीची.

इथपर्यंतचं कुणीही पांढरपेशा समीक्षक सांगेल. तो इथंच थांबेल, 'दुर्दैव' म्हणेल आणि चहा मागवेल. आपल्याला पुढं जायचंय. कारण परवाने नव्हते, कंपनी नव्हती, पैसा नव्हता, हे सगळं आपल्या गायन पार्ट्यांनाही लागू होतं. दुपटीनं लागू होतं. मग वामनदादा कर्डक कसे उरले?

सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस. १९२२ साली जन्मला, २००४ साली गेला. हजारो गाणी लिहिली. पाठीशी ना सिगारेट कंपनी, ना पंचतारांकित हॉटेल. गाणं वहीतून वहीत उतरलं, गळ्यातून गळ्यात गेलं. त्याच्याही आधी, काळाराम सत्याग्रहाच्या काळात, आपल्याच जिल्ह्यातल्या भीमराव कर्डकांचे जलसे गावोगाव फिरत होते. बत्तीच्या उजेडात, उघड्या मैदानात. ते लोकांना लागत होते म्हणून जगले. भाकरीसारखे.

इथं मला तिसरं कारण दिसतं, आणि तेच खरं. अ‍ॅटॉमिक फॉरेस्टकडं गळा होता, गल्ली नव्हती. त्यांचं गाणं कुणाच्या गरजेतून उठलं नव्हतं. तबकडीवर स्वतःच्या रचना आहेत, तशी हेन्ड्रिक्सची आणि इतर परदेशी बँडची गाणीही आहेत. हात पक्के, पण दुसऱ्याचा राग आपल्या घशातून काढायचा म्हटला की किती वेळ टिकणार?

आणि हा राग मुळात कुणाचा होता? कापूस वेचणाऱ्यांचा! मित्रांनो, हे नीट ऐका, आपण कापसातलीच माणसं आहोत. अमेरिकेत मिसिसिपीतल्या कापसाच्या मळ्यावर मडी वॉटर्स नावाचा काळा मजूर राबायचा आणि गायचा. १९४१ साली अ‍ॅलन लोमॅक्स यंत्र घेऊन आला, त्यानं त्याचं गाणं मुद्रित केलं. १९४३ साली मडी शिकागोला गेला. तिथल्या गुत्त्यांच्या गोंगाटात साधी गिटार ऐकू जाईना, म्हणून त्यानं विजेची गिटार घेतली. हार्ड रॉकचा तो मोठा आवाज असा आला. ऐकू जावं म्हणून आवाज वाढवावा लागला. साच्याशेजारी उभं राहून बोलणाऱ्या माणसाला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही.

मग इंग्लंडातल्या गोऱ्या पोरांनी ते उचललं. रोलिंग स्टोन्स हे नावच मडीच्या गाण्यावरून घेतलेलं. लेड झेपेलिनच्या गाजलेल्या गाण्यातले शब्द आपले आहेत म्हणून विली डिक्सन या काळ्या गीतकारानं १९८५ साली दावा लावला आणि १९८७ साली तडजोड झाली. मळ्यातून शिकागो, शिकागोतून लंडन, लंडनहून तबकडीत बसून ते गाणं ताजच्या तळमजल्यावर पोचलं. एवढ्या प्रवासात कापूस गळून गेला. मोठा आवाज तेवढा राहिला.

१९७२ साल घ्या. त्या साली लेड झेपेलिनचे पेज आणि प्लँट स्लिप डिस्कमध्ये येऊन वाजवून गेले. आजही त्याच्या आठवणी निघतात. त्याच साली त्याच शहरात दलित पँथर उभी राहिली. त्याच साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. गावाकडं दुष्काळानं माणसं खडी फोडत होती. मी तर म्हणतो, मराठीत हार्ड रॉक आला तो गिटारीतून नाही, गोलपिठ्यातून आला. तोच कर्कशपणा, तोच वेग, कानठळ्या बसवणारा तोच आवाज. पण त्यामागं गल्ली होती, म्हणून तो आजही वाजतोय. १९७४च्या जानेवारीत वरळीत दंगल पेटली, भागवत जाधव मारला गेला. त्याच वर्षी त्याच शहरात जुडास येशूला रोकडे प्रश्न विचारत होता. पण ते प्रश्न इंग्रजीत होते आणि बीडीडी चाळीपर्यंत पोचले नाहीत. मी त्या कलावंतांना शिव्या घालत नाही. ते आपल्या जगात प्रामाणिक होते. त्यांचं जगच छोटं होतं, आणि त्याला आपण फार मोठे आहोत असं वाटत होतं.

पुरावा पाहिजे? १९७८ साली पु. ल. देशपांडे यांचं 'तीन पैशाचा तमाशा' जब्बार पटेलांनी रंगमंचावर आणलं. ब्रेख्तचं नाटक, मराठी मातीत रुजवलेलं. त्यात अंकुश झाला तोच नंदू भेंडे. गळा तोच, रॉकमध्ये तयार झालेला, पण शब्द मराठी. आणि लोकांनी ऐकलं! म्हणजे गळ्यात खोट नव्हती. पुढं १९८२ साली 'डिस्को डान्सर'मध्ये त्यानं बप्पी लाहिरींसाठी गायलं. गाणं घराघरात गेलं. गाणाऱ्याचं नाव किती जणांना ठाऊक आहे? २०१४ साली तो वारला. अ‍ॅटॉमिक फॉरेस्टची तबकडी पुढं अमेरिकेतल्या नाऊ-अगेन कंपनीनं पुन्हा काढली. आपल्याकडचं आपल्याला कळायला तिकडून शिक्का यावा लागतो. ही खोड जुनीच.

आता कुणी उठून म्हणेल, झालं तर मग, मराठीत गा, वस्तीचं गा, यश ठेवलेलंच. इतकं सोपं नाही राजा. मद्रासेत पा. रंजित यांच्या पुढाकारानं द कास्टलेस कलेक्टिव्ह उभं राहिलं, २०१८च्या जानेवारीत त्यांनी पहिला जाहीर कार्यक्रम केला. रॉक आहे, गाना आहे, भाषा तमिळ, विषय जात. गल्ली पाठीशी. त्यातलाच अरिवू. २०२१ साली त्याचं 'एन्जॉय एन्जामी' देशभर गाजलं. गाण्यात पिढ्यान्‌पिढ्या जमिनीवर राबलेल्यांचं दुःख. आणि एका मोठ्या इंग्रजी संगीत-मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकले कोण? दुसरेच. अरिवू गायब! म्हणजे गल्ली असली तरी छापखाना त्यांचा आहे, मुखपृष्ठ त्यांचं आहे.

आणि वामनदादांचं उदाहरण देऊन कुणी आपल्याला गप्प बसवू नये. जनता कलावंताला जिवंत ठेवते, म्हणून त्यानं उपाशी राहावं, हे मला मान्य नाही. गाणं लोकांचं, पण गाणाऱ्याला पोट आहे. त्याच्या गाण्यावर दुसऱ्यानं कॅसेटी विकाव्या आणि त्यानं बिदागीसाठी आयोजकाच्या ओट्यावर बसावं, हे किती दिवस?

माझंही सांगतो. मी पहिल्यांदा कविता लिहिल्या त्या चांदण्यावर आणि पारिजातकावर. पारिजातक मी बघितला नव्हता. एका मासिकानं त्या साभार परत पाठवल्या, दोन ओळींची चिठ्ठीही नाही. तेव्हा फार चिडलो. आज वाटतं, मीही परदेशी बँडचीच गाणी वाजवत होतो. गळा माझा, घसा दुसऱ्याचा.

म्हणून त्या गिटारवाल्या पोराला आता उत्तर देतो. लेका, गिटार सोडू नकोस. ती परकी नाही. कापूस वेचणाऱ्या हातांनी ती मोठ्यानं बोलायला शिकवली, तिच्यावर तुझा हक्क ताजमधल्यांपेक्षा जास्त आहे. पण त्यात कापूस परत भर. त्या दिवशी ज्या म्हाताऱ्या उठल्या नाहीत ना, त्यांना उद्या उठावंसं वाटलं तरी उठता येऊ नये, असं गा. आणि गाणं तयार झालं की त्याच्यावर स्वतःचं नाव लिही, कागद स्वतःच्या हातात ठेव, मुद्रण स्वतः कर. गल्लीही आपली पाहिजे आणि तबकडीही.

शब्द मी देतो. तिसऱ्या पाळीवर एक गाणं लिहायला घेतलंय. ताल साच्याचा आहे. दोन कडवी झाली, तिसऱ्यात अडलंय. रविवारी समाजमंदिरात या, मिळून पुरं करू.

जयभीम.